ताप न येणारी लेकरं

माझ्या पहिल्या मुलाला मरताना ताप नव्हता. हे वाक्य मी इतक्या दवाखान्यांत, इतक्या टेबलांसमोर उभी राहून सांगितलंय की आता ते सांगताना माझा आवाज हलत नाही. सुरुवातीला हलायचा. पण बाईचा आवाज हलला की समोरचा माणूस तिचं म्हणणं ऐकायचं सोडून तिला बसायला सांगतो, पाणी मागवतो. मला पाणी नको होतं. म्हणून मी आवाज न हलवता बोलायला शिकले.

तेव्हा आम्ही नांदेडला राहत होतो. नवरा पाटबंधारे खात्यात कारकून, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझं माहेर बिलोलीजवळच्या एका खेड्यात आणि सासर लातूर जिल्ह्यातलं मुरुड. दोन जिल्ह्यांत दोन घरं, पण माणसं एकाच घरची. माझी सासू म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. लग्नाआधी मी तिला आत्या म्हणायची, लग्नानंतरही आत्याच म्हणते. आत्याच्या घरी पोरगी दिली की आमच्याकडं म्हणतात, पोरगी घरातल्या घरात राहिली. माझ्या लग्नात वडील हेच वाक्य प्रत्येक पाहुण्याला सांगत फिरत होते. माझे आजी-आजोबाही एकमेकांच्या नात्यातलेच. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं, मलाही नाही.

मुलगा नऊ महिन्यांचा होता. एका सकाळी त्यानं दूध ओढणं सोडलं. रडतही नव्हता. मांडीवर घेतला की मान मागं टाकायचा आणि छताकडं बघत राहायचा. मी त्याला घेऊन जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी काखेत थर्मामीटर धरलं, बघितलं आणि म्हणाले, "ताप नाही. दात येत असतील."

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथंही आधी थर्मामीटर. "ताप नाही ना, मग घाबरता कशाला? पहिलंच मूल दिसतंय." मी म्हणाले, "हो, पहिलंच आहे. पण हा माझ्याकडं बघत नाहीये." त्यांनी पोटदुखीचं औषध लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले. मोठ्या दवाखान्यात पाठीच्या मण्यातून पाणी काढलं, तर ते गढूळ निघालं. मेंदूच्या आवरणात पू झाला होता. पाचव्या दिवशी दुपारी तो गेला. तिथले एक डॉक्टर केसपेपरवर लिहीत होते, त्यांनी मान वर न करता विचारलं, "इतकं झालं आणि घरी ताप आला नाही?"

"नाही."

"तुम्ही नीट पाहिलं नसेल."

मी तेव्हा काही बोलले नाही. त्या न बोलण्याचा मला आजही राग आहे.

त्यानंतर दोष वाटून द्यायला माणसं आली. आत्या म्हणाली, "शाळा शाळा करत हिंडली. लेकराला उपाशी ठेवलं की ते काय तग धरतंय?" माझी एक चुलती म्हणाली, पोटुशी असताना हिनं गिऱ्हाण पाळलं नाही. पाळलं नव्हतं हे खरं. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे आणि ग्रहण पाळणं आम्ही माझ्या आजोबांच्या काळातच सोडलंय. पण मूल गेल्यावर सोडलेल्या सगळ्या गोष्टी परत दारात येऊन बसतात.

एक आरोग्य कर्मचारीही वही घेऊन आला होता. त्यानं आडनाव विचारलं, मग कुठल्या वस्तीत राहता ते विचारलं. उत्तर ऐकून त्याचा चेहरा सैलावला, जणू त्याला कारण सापडलं. "पाणी उकळून पिता का? हात धुता का? तुमच्या लोकांत स्वच्छतेचं जरा..."

मी म्हणाले, "आत या. माझं स्वयंपाकघर बघा, मोरी बघा, लेकराची दुपटी बघा. बघून मग लिहा."

"तसं नाही हो बाई."

"कसंही असू द्या. आत या."

तो आत आला नाही. वहीत काय लिहून गेला ते मला माहीत नाही.

दोन वर्षांनी मुलगी झाली. बाळंतपण माहेरी झालं. आत्या बाराव्या दिवशी आली आणि लेकराला घेतल्या घेतल्या म्हणाली, "अगं, हिची नाळ अजून पडली न्हाई?" नाळ वाळून टाचणीएवढी झाली होती, पण बेंबीला धरून होती. नाव ठेवलं तरी नाळ तशीच. कोण म्हणालं भाग्याची आहे, कोण म्हणालं तेल लावा. डॉक्टरांनी बघून सांगितलं, पडेल. ती पडली तेव्हा आम्ही इतके कंटाळलो होतो की कुणी त्याचं काही कौतुक केलं नाही.

मुलगी दोन वर्षांची असताना एकदा चालताना बसली आणि उठेचना. उजवा पाय सरळ करायला गेलं की ओठ घट्ट मिटायची. ताप नव्हता. हाडाच्या डॉक्टरांनी पाय हलवून बघितला. "मुरगळलाय. दोन दिवस चालू देऊ नका."

मी म्हणाले, "आत काहीतरी झालंय. सोनोग्राफी करा."

"ताप असता तर मी स्वतःच म्हणालो असतो."

"माझ्या मुलालाही ताप नव्हता. त्याला आम्ही पुरून आलोय."

तरी ते चिठ्ठी काही लिहीनात. मी लेकराला मांडीवर घेऊन त्यांच्या दारासमोरच्या बाकावर बसले. कंपाउंडर आला, म्हणाला, "मॅडम, पुढचे पेशंट थांबलेत." मी म्हणाले, "त्यांना जाऊ द्या आत. मी कुणाला अडवत नाही. फक्त उठणार नाही." दीड तास बसले. बाकावर माझ्या शेजारी हिमायतनगरकडची एक म्हातारी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मला म्हणाली, "बस गं माय. मी बी बसते तुह्यासंगं." तिचा नंबर आला तरी ती आत गेली नाही.

शेवटी डॉक्टरांनी वैतागून सोनोग्राफी लिहून दिली. खुब्याच्या सांध्यात पाणी दिसलं. सुई घातली, तर पू. त्याच दिवशी दुपारी ऑपरेशन झालं. नंतर ते डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाले, "वेळेवर आलात." नवरा म्हणाला, "मी नाही आलो, साहेब. ती आली."

मुलगी चालायला लागली. दीड वर्षानं न्यूमोनिया झाला आणि परत तेच. ताप नाही, फक्त श्वास जोरात आणि नखं निळसर. या वेळी मी कुठंही थांबले नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं मुलांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बोलण्यावरून उदगीरकडच्या वाटल्या. त्यांनी औषध चालू केलं, मुलगी जरा सावरली. तिसऱ्या दिवशी त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. कुणी डॉक्टर माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसण्याची ती पहिली वेळ.

"पहिल्यापासून सांगा," म्हणाल्या. "घाई नाही."

मी सांगितलं. माझं वाक्य आलं, मरताना ताप नव्हता, आणि त्यांनी लिहिता लिहिता हात थांबवला.

"तुम्ही मोजला होता?"

"दिवसातून चार वेळा. मी आणि दोन डॉक्टरांनी."

"मग नव्हता," त्या म्हणाल्या आणि तसंच लिहिलं. मला रडायला आलं ते तेव्हा. मूल गेल्यावर इतक्या वर्षांत माझ्यावर विश्वास ठेवून कुणीतरी ते कागदावर लिहिलं होतं.

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. माझ्या मुलाच्या चौकोनावर त्यांनी ती अगदी हळू ओढली. नवरा-बायकोमध्ये एक रेघ असते, आमच्यामध्ये त्यांनी दोन ओढल्या.

"या दोन कशाला?" मी विचारलं.

"नात्यातलं लग्न असलं की दोन काढतात." मग विचारलं, "मुलीची नाळ कधी पडली होती?"

मला नीट आठवेना. मी मुरुडला आत्याला फोन लावला. पलीकडून आत्या म्हणाली, "सव्वा महिना झाला होता. मी मोजून राहिले होते. कामून?" मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी तेही कागदावर लिहिलं. मग म्हणाल्या, "मला एक शंका आहे. इथं तपासणी होत नाही, रक्त हैदराबादला पाठवावं लागेल. मुलीचं आणि तुम्हा दोघांचं."

रक्त द्यायच्या दिवशी मी विचारात होते की नवऱ्याला कसं पटवायचं. आमच्याकडं लेकराचा आजार आईकडून येतो असंच धरून चालतात. बापाचं रक्त कशाला, असं कुणीही विचारलं असतं. पण आम्ही खोलीत शिरलो आणि तो शर्टाची बाही वर करून आधी जाऊन बसला. म्हणाला, "माझं पहिले घ्या." फार बोलणारा माणूस नाही तो.

अहवाल यायला बरेच आठवडे लागले. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दुपारी, ओपीडी संपल्यावर बोलावलं. मी त्यांचं बोलणं जसं समजले तसं सांगते. शरीरात जंतू शिरला की पेशीच्या दाराशी त्याची ओळख पटते आणि आत निरोप जातो. त्या निरोपावर शरीर जागं होतं, ताप चढतो, पांढऱ्या पेशी धावतात. निरोप पोचवणारी काही प्रथिनं असतात. त्यातलं एक प्रथिन बनवायची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यात माझ्या मुलीच्या बाबतीत एका अक्षराची चूक आहे. निरोप मध्येच थांबतो. जंतू वाढत राहतो आणि शरीराला पत्ताच नसतो. म्हणून ताप नाही.

"पण हा जंतू आला कुठून?" नवऱ्यानं विचारलं.

"हा न्यूमोनियाचा जंतू कितीतरी मुलांच्या नाकात असतो. मॅडमच्या वर्गातल्या पोरांच्या नाकात असेल. तुमच्या, माझ्या नाकातही कधीतरी असेल. आपल्याला बहुतेक वेळा काही होत नाही. कुणाला सर्दी होते, कुणाचा कान दुखतो. तुमच्या मुलीला तोच जंतू मारू शकतो. जंतू एकच, माणसं वेगळी."

मला तो वही घेऊन आलेला माणूस आठवला. मी विचारलं, "म्हणजे हे घाणीमुळं नाही?"

"नाही."

"पाण्यामुळं?"

"नाही. दूध कमी पडलं म्हणून नाही, तुम्ही नोकरी केली म्हणूनही नाही." मी त्यांना आत्याचं काही सांगितलं नव्हतं. बहुधा सगळ्याच आया त्यांना हेच विचारत असाव्यात.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक चांगली असली तरी काम भागतं. माझ्यात एक चांगली, एक चुकीची. नवऱ्यातही तसंच. म्हणून आम्ही दोघं ठणठणीत. मुलीला दोन्ही चुकीच्या आल्या. मुलाचं रक्त तपासायला आता काही उरलं नव्हतं, पण त्यालाही तेच असणार, असं त्या म्हणाल्या. रोज एक औषध द्यायचं, काही लसी जास्तीच्या द्यायच्या आणि ताप असो नसो, मूल गळाल्यासारखं वाटलं की तासभरही थांबायचं नाही. "वयात येईपर्यंत सांभाळा. त्यानंतर बहुतेकांचा धोका पुष्कळ कमी होतो. शरीर दुसऱ्या वाटा शिकतं असं दिसतं. पण मी वचन देत नाही."

"आम्ही सांभाळू," मी म्हणाले. घरी येताना रिक्षात मला भीती वाटली नाही. राग आला होता, आणि त्या रागाला पहिल्यांदाच पाय ठेवायला जागा मिळाली होती.

त्या महिन्यात आम्ही मुरुडला गेलो. शेजारपाजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. नवऱ्यानं आईला थोडक्यात सांगितलं की हे रक्तातून आलंय. आत्यानं पदर सारखा केला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी मनत नव्हते? हिच्या रक्तातच खोट हाय."

आधी घाण म्हणत होते, आता रक्त म्हणायला लागले. आमच्या माणसांना तर हे दोन्ही शब्द चांगले ओळखीचे आहेत. कितीतरी पिढ्या दुसऱ्यांनी आम्हाला याच दोन शब्दांनी मारलंय. ते घरातच, आत्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

मी तिच्यासमोर जाऊन बसले. "आत्या, महं रक्त कुणाचं हाय?"

"कुणाचं मंजे?"

"महा बाप तुमचा भाऊ. तुमच्या बापाचं रक्त ते. तेच तुमच्यात आलं आणि तुमच्यातून तुमच्या लेकात गेलं. लेकराला एक चुकीचं अक्षर माझ्याकडून आलंय आणि एक तुमच्या लेकाकडून. खोट म्हणायची असली तर दोघांत सारखी हाय. आणि ती खोट न्हाई. तुम्ही साठ वर्षं त्यावर जगलात, शेतात राबलात, लेकरं वाढवली."

शेजारणी उठून गेल्या. आत्या उठून आत गेली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात मुलीच्या केसांना तेल लावत होते. आत्या येऊन जवळ बसली. मग म्हणाली, "मला एक भाऊ होता. तुह्या बापाच्या पाठचा."

हे मला माहीत नव्हतं. वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं.

"मी नऊ-धा वर्षांची असन. माय कामाला गेली की लेकरू मह्याकडं. एक दिवस ते नुसतं पडून राहिलं. अंग थंडच. ताप न्हाई, खोकला न्हाई. मला वाटलं निजलंय. मी मांडीवर घेऊन बसले. माय दुपारी आली तर..." आत्या थांबली. "मला लई मारलं मायनं. मनली, तू उन्हात बसवलंस, तू नीट धरलं न्हाईस. पुढं बी कुणाच्या घरी लेकरू झालं की मला हातात देत नव्हते."

मी तेलाचा हात तसाच धरून बसले होते.

"त्याला बी हेच असन का गं?"

"असेल, आत्या. आता कुणी नक्की सांगू शकत न्हाई. पण आजी-आजोबा नात्यातलेच होते. असू शकतं."

"मंजे मी न्हाई मारलं त्याला."

"न्हाई. तुम्ही न्हाई मारलं."

ती रडली नाही. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली. मला तिची दया आली आणि त्याच क्षणी राग पण आला, की जे दुःख हिला नऊ वर्षांच्या वयात दिलं गेलं तेच हिनं मला दिलं. दोन्ही भावना खऱ्या होत्या. मी एकीसाठी दुसरी सोडली नाही. "पुन्हा मला तसं बोलू नका," मी म्हणाले. ती म्हणाली, "न्हाई बोलणार." आणि खरंच बोलली नाही.

खरी लढाई पुढं होती, आणि ती मी जिंकले असं मला म्हणता येत नाही.

माझी धाकटी बहीण आणि माझा धाकटा दीर यांचं लग्न लहानपणापासून ठरल्यासारखं होतं. दोघं एकमेकांना आवडत होते. अहवालानंतर दोन वर्षांनी वडील आणि आत्या सुपारी फोडायची तारीख काढायला बसले. मी म्हणाले, "आधी दोघांचं रक्त तपासा."

वडील मला कधी रागावले नव्हते. त्या दिवशी रागावले. "पोरीचं रक्त तपासून लग्न करायचं? बैलबाजार हाय का?"

"एकट्या पोरीचं न्हाई, दोघांचं."

"तुह्या नशिबात आलं मनून सगळ्यांच्या नशिबात येतं का?"

"नशीब न्हाई ते, बाबा. मी एक लेकरू पुरलंय. दुसऱ्याला रोज औषध पाजून राहिले. माझ्या बहिणीनं हे करू नये एवढंच म्हणते."

घरात कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही. नवराही खाली बघत होता. अखेर आत्या म्हणाली, "तपासा. महा भाऊ गेला तेव्हा असलं काही असतं तर मीच पहिलं तपासलं असतं."

दोघांचं रक्त गेलं. दोघांतही ते अक्षर चुकीचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं की प्रत्येक मुलाच्या वेळी हाच आजार येण्याची शक्यता चारात एक राहील, काही न होण्याची चारात तीन, गरोदरपणात तपासणी करता येते, निर्णय तुमचा. दीर महिनाभर विचार करत राहिला आणि मग नको म्हणाला. बहीण हो म्हणत होती. ती चारातल्या तीनकडं बघत होती. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "अक्का, तुला कुणी विचारलं होतं?"

ती माझ्याशी दीड वर्ष बोलली नाही. मी राखी पौर्णिमेला घरी गेले की ती रानात निघून जायची. तिचं लग्न पुढं दुसरीकडं झालं, नात्याबाहेर. तिला मुलगा झाला तेव्हा तिनं स्वतः फोन केला. म्हणाली, "लेकरू चांगलं हाय. तू माफीची वाट बघू नको मात्र."

"नाही बघत," मी म्हणाले.

मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही तसंच करीन. पण बरोबर असल्यानं तिचं काय गेलं ते मला भरून देता आलं नाही. हे मी लपवत नाही.

नवऱ्याची बदली लातूरला झाली, मीही मागून बदली करून घेतली. मुलीला शाळेत घातलं तेव्हा सगळ्यांनी सल्ले दिले. घरीच शिकवा, तुम्ही तर शिक्षिका आहात. गर्दीत नेऊ नका. रोज गोळ्या देऊन लेकराचं पोट खराब करू नका. मी सगळ्यांना एकच सांगितलं, औषध चालू राहील आणि शाळाही चालू राहील. कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा फाटकावर एक शिपाई कपाळाला यंत्र लावून ताप बघायचा आणि आकडा ठीक असला की आत सोडायचा. मी मुख्याध्यापकांना कागद लिहून दिला: माझ्या मुलीला ताप येत नाही, म्हणून यंत्रावर जाऊ नका. ती गप्प बसली, डबा खाल्ला नाही किंवा रंग उतरला तर लगेच मला फोन करा. त्यांना वाटलं मी उगाच बाऊ करतेय. मी तो कागद वर्गशिक्षिकेच्या हजेरीपटात चिकटवून आले. पुढं दोनदा फोन आला. एकदा काही नव्हतं. एकदा कानामागं गाठ होती, आणि ती त्याच दिवशी दवाखान्यात पोचल्यामुळं तेवढ्यावर निभावलं.

आता ती तेरा वर्षांची आहे. डॉक्टरीणबाई बदलून गेल्यात, पण फोनवर सल्ला देतात. मागच्या तपासणीच्या वेळी म्हणाल्या, "अवघड वर्षं मागं पडत चाललीत."

या हिवाळ्यात ती शाळेच्या खो-खोच्या संघात निवडली गेली. सामने उदगीरला होते, तीन दिवस मुक्काम. मी म्हणाले, नको. धूळ असते, गुडघे फुटतात, मुलींनी भरलेली एक खोली आणि एक मोरी. मी सगळी कारणं सांगितली. ती ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "आई, तू बाकावर दीड तास बसली होतीस ना माझ्यासाठी? मी पण बसते." आणि खरोखर ओसरीवर जाऊन बसली. जेवायला आली नाही.

नवरा ऑफिसातून आला. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसू दाबत आत गेला. मी तासभर भांडी घासली. मग तिच्या पिशवीत औषधाची डबी ठेवली, डॉक्टरीणबाईंचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि संघाबरोबर जाणाऱ्या बाईंसाठी एक चिठ्ठी. पिशवी नेऊन तिच्यासमोर ठेवली.

तिनं ती उघडून चिठ्ठी वाचली. म्हणाली, "हे बाईंना माझं मी सांगेन." चिठ्ठी घडी घालून माझ्या हातात परत दिली, डबी आणि नंबर ठेवून घेतला आणि बूट कुठं आहेत ते विचारत आत गेली.